पै-पैचा हिशेब मागणारे कुमारप्पा

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मी काहीतरी लिहावे, असा आमच्या अध्यक्षाबाईंचा फार आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हातात लेखणीपेक्षा लाटणेच अधिक. तेव्हा मोठे पांडित्य माझ्याकडून होणार नाही. परंतु आपल्याच वर्ध्यात वर्षानुवर्षे राहून गेलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र मी वाचले, मगन संग्रहालयात जाऊन त्यांच्या कामाच्या वस्तू पाहिल्या, आणि ते भगिनींना सांगावेसे वाटले.

गांधीजी, विनोबाजी आणि जमनालालजी यांची नावे आपल्या गावात लहान मूलही सांगेल. कुमारप्पा कोण, असे विचारले तर मात्र पुष्कळजणी गप्प होतात. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण भाजीची पिशवी घेऊन जातो-येतो, तरी माणूस ठाऊक नाही. हा माणूस सरकारला पैशाचा हिशेब विचारणारा होता. इंग्रज सरकारला त्यांनी विचारला, स्वराज्यातील मंत्र्यांना विचारला, आणि प्रत्यक्ष गांधीजींनाही सोडले नाही.

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घर सुखवस्तू, मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देणारे. जोसेफ तरुणपणी लंडनला गेले आणि तेथे हिशेबतपासनिसाची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेथेच त्यांनी नोकरीही केली. पुढे आईच्या इच्छेवरून ते १९१९ साली परत आले आणि मुंबईत हिशेबतपासणीचा धंदा करू लागले. अंगात विलायती पोशाख, हातात काठी, राहणी साहेबी. लग्न त्यांनी शेवटपर्यंत केले नाही.

१९२७ साली ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन नावाचे मोठे प्राध्यापक होते. हिंदुस्थान गरीब का, या विषयावर कुमारप्पांनी तेथे एक व्याख्यान दिले होते. ते सेलिग्मन यांच्या वाचनात आले आणि त्यांनी याच विषयाचा अभ्यास करण्यास सुचविले. कुमारप्पा सरकारी जमाखर्चाचे आकडे तपासू लागले, आणि त्यांचे डोळे उघडले. तोपर्यंत व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणारा हा माणूस आता सबंध देशाची वही तपासत होता.

त्यांना काय आढळले ते आपल्या भाषेत सांगते. समजा, घरातील एक माणूस राबून पगार आणतो, आणि दुसराच कोणी तो पगार आपल्या चैनीवर आणि भांडणतंट्यावर उडवितो. वहीत जमा आणि खर्च बरोबर जुळतात, बेरजेत एक पैचीही चूक नाही, परंतु पोरांच्या ताटात भाकरी नाही. अशा वहीला आपण चोख म्हणू का? सरकारचे तसेच होते. शेतसारा शेतकऱ्याकडून, मिठावरचा कर गरिबातल्या गरीब बाईकडून, आणि खर्च मात्र लष्करावर, कर्जाच्या व्याजावर आणि साहेबांच्या गलेलठ्ठ पगारांवर. शाळा, दवाखाने, पाणी यांच्या वाट्याला उरलेसुरले. म्हणून पैसा कोणाकडून आला आणि तो कोणाच्या उपयोगी पडला, हे दोन प्रश्न कुमारप्पांनी जन्मभर विचारले.

देशात परतल्यावर ९ मे १९२९ रोजी साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. कुमारप्पा साहेबी पोशाखात गेले होते. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा चरखा चालवीत बसला होता. हेच गांधीजी हे ध्यानात आल्यावर कुमारप्पाही त्या पोशाखानिशी खाली बसले. गांधीजींनी त्यांचा निबंध वाचला होता, आणि तो त्यांनी यंग इंडियात क्रमशः छापला. त्यानंतर गुजरातेत खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी करण्याचे काम त्यांना दिले. तरुणांना बरोबर घेऊन कुमारप्पा गावोगाव हिंडले. कुटुंबात माणसे किती, बैल किती, पीक किती, सारा किती, देणे किती, असे घराघरात जाऊन विचारले. कागदावरचा आकडा आणि चुलीजवळची स्थिती त्यांनी शेजारी शेजारी मांडून दाखविली.

१९३१ च्या कराची काँग्रेसनंतर इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तीत कुमारप्पा होते. इंग्रजांनी अफगाणिस्तानात आणि ब्रह्मदेशात लढाया केल्या, १८५७ चा उठाव मोडला, ईस्ट इंडिया कंपनीचे भागदेखील विकत घेतले, आणि हे सारे कर्ज आपल्या लोकांच्या नावावर मांडले. ज्याने खर्च केला त्याने ते फेडावे, असा जाब या समितीने सरकारला विचारला. त्या काळात कुमारप्पांना तुरुंगही भोगावा लागला.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. देशभरातून मदतीचा पैसा आला. राजेंद्रबाबू मदत समितीचे प्रमुख होते. हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांवर पडली. स्वयंसेवकाच्या जेवणाला रोज तीन आणे, असा त्यांनी नियम केला. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले. त्यांना फळे लागत, शेळीचे दूध लागे, मोटारीला पेट्रोल लागे. कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्ट कळविले की, हा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही, तुमची सोय तुम्ही पाहावी. गांधीजींनी कारण विचारले तेव्हा त्यांनाही तेच सांगितले. लोकांनी पैसा भूकंपग्रस्तांसाठी दिला आहे आणि तो त्यांच्याच पोटात गेला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गांधीजींना राग आला नाही, त्यांनी ते मान्य केले. मागणाऱ्याचे धैर्य आणि ऐकणाऱ्याचा मोठेपणा, दोन्ही मला सारखेच वाटतात.

त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदासजी जाजू अध्यक्ष आणि कुमारप्पा चिटणीस झाले. जमनालालजींनी आपली बाग व घर संघाला दिले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. मग पुढील पुष्कळ वर्षे कुमारप्पांचे बिऱ्हाड वर्ध्यातच होते. येथे बैलघाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाश्या आणि गूळ यांचे प्रयोग चालत. रॉकेलऐवजी गोडे तेल जाळणारा मगनदीप आणि बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये म्हणून मगनचूल ही येथलीच. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या भगिनींनी अजून पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे.

प्रांतात काँग्रेसची मंत्रिमंडळे होण्याची वेळ आली तेव्हाचा निर्णयही आपल्याच गावी झाला. जुलै १९३७ मध्ये वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक भरली आणि अधिकार स्वीकारण्याचे ठरले. दरमहा ५०० रुपयांहून अधिक पगार नको, हा दंडक कराचीला आधीच घातलेला होता. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने कुमारप्पांना उद्योगधंद्यांच्या पाहणी समितीचे अध्यक्ष नेमले. समितीच्या माणसांनी सहाशेहून अधिक खेड्यांची पाहणी केली आणि १९३९ साली अहवाल दिला. सरकार आपल्या लोकांचे होते म्हणून गोड लिहिणे कुमारप्पांच्या स्वभावात नव्हते. खेड्यातून आलेला पैसा खेड्याच्या कामी लागावा, हेच त्यांनी तेथेही मांडले.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने येथील धान्य, कापड आणि इतर माल युद्धासाठी उचलला. त्याची किंमत लंडनच्या वहीत जमा दाखविली आणि येथे नोटा छापून वाटल्या. माल कमी आणि नोटा फार, म्हणून महागाई कडाडली. बाजारात रुपया घेऊन गेलेल्या बाईला धान्य का मिळत नाही, हे कुमारप्पांनी ग्रामोद्योग पत्रिकेतून सोप्या शब्दांत समजावले. या लिखाणाबद्दल त्यांच्यावर खटला झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आपले गाजलेले पुस्तक लिहिले. गांधीजींनी त्यांना थट्टेने ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवी दिली.

स्वराज्य आले. आता मंत्री आपले, मग कोणाला जाब विचारायचा, असे अनेकांना वाटले. कुमारप्पांना तसे वाटले नाही. उलट आपला मंत्री लोकांचा सेवक असल्यामुळे त्याला अधिकच विचारले पाहिजे, असे त्यांचे मत. सत्तेच्या बाहेर राहणाऱ्या, स्वतःसाठी काही न मागणाऱ्या सेवकांचा एक समूह असावा आणि त्यांच्या कामाच्या आरशात मंत्र्यांनी आपले तोंड पाहावे, अशी त्यांची कल्पना होती. मार्च १९४८ मध्ये, गांधीजी गेल्यानंतर, सेवाग्रामला कार्यकर्त्यांची बैठक झाली. पंडित नेहरू आणि राजेंद्रबाबू समोर होते. तेथेही कुमारप्पा मोकळेपणी बोलले. पुढे शेतजमिनीच्या सुधारणांसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क असावा, असे त्या समितीने १९४९ साली सांगितले.

दिल्लीची एक हकीकत प्रसिद्ध आहे. सरकारी बैठकीला कुमारप्पा टांग्यातून निघाले तेव्हा पोलिसांनी टांगा अडविला. मोटारींच्या रस्त्यावर टांग्याला मज्जाव होता. त्यांनी ही तक्रार थेट पंडितजींपुढे मांडली. टांगेवाल्याच्या करातून रस्ता झाला आणि टांग्यालाच त्यावर जागा नाही, हे त्यांना कसे सहन व्हावे?

मगनवाडी सोडल्यावर ते आपल्या जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करीत राहिले. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळ कल्लुपट्टीला गेले. तेथे त्यांच्या खोलीत एका गरीब खेडुताचे चित्र होते. हे माझ्या गुरूंचे गुरू, असे ते भेटीस येणाऱ्यांना सांगत. ३० जानेवारी १९६० रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या पुण्यतिथीलाच तेही गेले.

भगिनींनो, हे चरित्र वाचून आपण काय करावे? मिठावरचा तो जुना कर गेला, परंतु चहा, साबण, तेल आपण घेतो तेव्हा कर भरतोच. म्हणजे मंत्री ज्या निधीची घोषणा करतात त्यात आपल्या पिशवीतला पैसा आहे. तो निधी मुंबईहून जिल्ह्यात, जिल्ह्यातून गावात आणि गावातून आपल्या गल्लीत येईपर्यंत किती उरतो, हे पाहणे आपलेही काम आहे. साधनेही आता आहेत. २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. १० रुपयांच्या शुल्कात अर्ज होतो आणि साधारणतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. खेड्यातील भगिनींना ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा आहे. हिवाळ्यात विधिमंडळ नागपूरला भरते तेव्हा आपल्या आमदारांना प्रश्न विचारायला सांगता येते.

आमच्या वस्तीत नालीचे काम पुरे झाल्याचा फलक लागला होता, परंतु निम्म्या नालीवर फरशा नव्हत्या. एक लहान मूल तीत पडले, सुदैवाने वाचले. आम्ही सात बायकांनी अर्ज करून कामाच्या कागदाच्या नकला मागविल्या. कागदावर फरशा सगळ्या होत्या. ते कागद घेऊन आम्ही संबंधित कचेरीत तीनदा गेलो. पहिल्यांदा आम्हाला बसायलाही सांगितले नाही. तिसऱ्या खेपेनंतर आठ दिवसांत फरशा आल्या. आम्ही भांडलो नाही, आवाज चढविला नाही. कागदावर किती आणि नालीवर किती, एवढेच विचारत राहिलो.

त्यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट आम्ही घेतली. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आधी आपला उघडा ठेवावा. म्हणून आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा, सहलीचा आणि या स्मरणिकेचाही जमाखर्च सभागृहाच्या भिंतीवर लावावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे. ज्या भगिनीला शंका असेल तिने संकोच न करता विचारावे, आणि चिटणीसबाईंनी रागावू नये.