पडद्यावरची पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

वर्धापनदिन जवळ आला आणि एखादा नाट्यप्रवेश बसवायचे ठरले, की आपल्या मंडळात पहिला पेच पडतो तो पुरुषपात्रांचा. राणी व्हायला चौघीजणी तयार असतात. राजाच्या मिशा लावायला मात्र कोणी पुढे येत नाही. अखेर हसत-खिदळत कोणीतरी एकदाचा फेटा बांधते आणि तालीम सुरू होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवर याच्या अगदी उलट प्रकार होता. तेथे राजे हवे तितके होते, राणी मात्र मिळत नव्हती. राणीचे लुगडे पुरुषच नेसत, आणि ते इतके सुबक नेसत, की बालगंधर्वांची नेसण्याची तऱ्हा पाहून चांगल्या घरच्या बायका तिचे अनुकरण करीत. पुरुषाने स्त्रीवेष घेतला तर ती कला आणि स्त्रीने तोच वेष घेतला तर तो निर्लज्जपणा, असा त्या काळचा न्याय होता. या न्यायाला आपल्या कामाने उत्तर देणाऱ्या एका बाईचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे. त्या म्हणजे कमलाबाई गोखले.

कमलाबाईंचा जन्म १९०० च्या सुमाराचा. मनमाडहून सेलू-परभणीकडे येणारा लोहमार्गही त्याच काळातला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कमलाबाईंच्या आईचे नाव दुर्गाबाई कामत. दुर्गाबाईंचा संसार टिकला नाही. मुलगी अगदी लहान असतानाच त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. एकट्या बाईने लेकरू घेऊन जगायचे म्हटले, तर त्या वेळी वाटा किती होत्या? दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी, नाहीतर माहेरच्या ओसरीवर आश्रिताचे जिणे. दुर्गाबाईंनी तिसरी वाट धरली. त्या नाटकात शिरल्या. नातलगांनी तोंड फिरवले, समाजाने नाके मुरडली. परंतु ज्यांनी नाके मुरडली त्यांच्यापैकी कोणी मायलेकींच्या ताटात भाकरी वाढायला आले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

नाटक कंपनीचे जीवन म्हणजे फिरस्तीचे. आज एका गावी मुक्काम, चार दिवसांनी दुसऱ्या गावी. पेट्या, पडदे, पायपेटी आणि तबला यांच्या सोबतीने लहानगी कमला वाढली. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. आईने जे शिकवले तेच तिचे शिक्षण. चार-पाच वर्षांची असतानाच ती रंगभूमीवर उभी राहिली. इतर मुली भातुकली खेळत होत्या त्या वयात या पोरीला पोटापाण्याचा धंदा कळू लागला होता.

याच सुमारास दादासाहेब फाळके यांनी चलच्चित्रांचा उद्योग आरंभला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातील तारामतीसाठी दादासाहेबांनी पुष्कळ शोधाशोध केली. पण सिनेमात काम करायला एकही स्त्री तयार होईना. ज्यांना समाज आधीच वाईट म्हणत होता, त्यांनीसुद्धा नकार दिला! शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पडद्यामागे मात्र स्त्रीवाचून काही अडले नाही असे नाही. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मच्या पट्टीला कडेने भोके पाडण्याचे किचकट काम हातावेगळे करीत. चूल सांभाळून सिनेमाही सांभाळणाऱ्या त्या माउलीचे नाव आपण विसरू नये.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला आणि ‘मोहिनी भस्मासुर’ काढायला घेतला. या खेपेस त्यांना अभिनेत्री मिळाल्या, आणि त्याही एकाच घरातल्या दोन. दुर्गाबाई झाल्या पार्वती आणि तेरा वर्षांची कमला झाली मोहिनी. हिंदी भूमीवर निघालेल्या कथाचित्रात स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा हा पहिला प्रसंग होय.

भस्मासुराची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो भस्म होईल, असा वर त्याने शंकराकडून मिळवला आणि तो शंकराच्याच मागे लागला. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, नृत्य आरंभले आणि नाचता नाचता आपला हात आपल्या मस्तकी ठेवला. असुराने तिचे अनुकरण केले आणि तो स्वतःच भस्म झाला. विचार केला तर यात मोठी मौज आहे. पुराणातली मोहिनी म्हणजे स्त्रीरूप घेतलेला पुरुष. नाटकातल्या नायिकाही तशाच. आणि खरी मुलगी पडद्यावर प्रथम आली ती नेमकी याच भूमिकेत!

मूकपटातले काम सोपे नव्हते. नाटकातल्या नटीला गाणे असते, भाषण असते. आवाजाने ती प्रेक्षकांना धरून ठेवू शकते. येथे आवाजच नाही. जे सांगायचे ते डोळ्यांनी, हातांनी आणि चालण्यातून सांगायचे. विजेचे दिवे नसल्यामुळे चित्रण उन्हात चाले. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे आणि एका सेकंदात सुमारे सोळा चित्रे उमटत. समोर प्रेक्षक नाहीत, टाळी नाही, वन्समोअर नाही. समोर फक्त एक लाकडी पेटी. त्या पेटीपुढे उन्हात उभी राहून तेरा वर्षांच्या पोरीने नृत्य केले. आज तो चित्रपट पाहायला मिळत नाही. काळाच्या ओघात तो नाहीसा झाला.

एक दार उघडले म्हणजे ते उघडेच राहते, असे मात्र नाही. १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला तेव्हा त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा अण्णा साळुंके यांनीच केल्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये दादासाहेबांची स्वतःची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली, पण बापाच्या कारखान्यातली पोर आणि परक्याच्या कंपनीतली बाई, यांत लोक फरक करीतच होते.

कमला मोठी झाली ती रंगभूमीवर. तिचा विवाह रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. रघुनाथराव हे नाटकातले गुणी नट, आणि पूर्वी स्त्रीभूमिका करणारे! गोखले बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत पती नायक आणि पत्नी नायिका असे खेळ होऊ लागले. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात सुशिक्षित घरांतील स्त्रियांनी भूमिका केल्या, तेव्हा त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच्या कितीतरी आधी ही पतिपत्नी गावोगाव हेच करीत होती. त्यांच्या वाट्याला गाजावाजा थोडा आणि टोमणे फार आले.

संसार फुलत असतानाच घाला पडला. कमलाबाई पंचविशीत असताना रघुनाथराव गेले. पदरात दोन मुले होती, तिसरे पोटात होते. आईच्या आयुष्याची कथा लेकीच्या आयुष्यात पुन्हा उभी राहिली. त्या काळची विधवा म्हणजे घराच्या अंधाऱ्या खोलीची धनीण. कमलाबाई त्या खोलीत बसल्या नाहीत. लेकरांना घेऊन त्या पुन्हा कामाला लागल्या. मुकी चित्रे गेली, १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. मूकपटातल्या पुष्कळ नट्यांचे नशीब तेथे संपले. कमलाबाईंना भाषणाची आणि गाण्याची सवय रंगभूमीने लावली होती, म्हणून त्या बोलपटातही टिकल्या. नाटक मिळाले तर नाटक, सिनेमा मिळाला तर सिनेमा. लहान काम, मोठे काम असा भेद त्यांनी केला नाही. त्यांच्या नावावर सुमारे पस्तीस चित्रपट आहेत. १९८० च्या ‘गहराई’त त्या दिसल्या तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते.

तिन्ही मुलगे कलेतच नावारूपाला आले. चंद्रकांत गोखले मराठी रंगभूमीचे व चित्रपटाचे थोर नट झाले. लालजी व सूर्यकांत यांनी तबल्यात नाव मिळवले. चंद्रकांतांचे चिरंजीव विक्रम गोखले यांना तर आपण घरोघरी ओळखतो. ते २०२२ साली निवर्तले. दुर्गाबाईंपासून मोजले तर चार पिढ्या होतात. ज्या वाटेवर पहिल्या बाईला लोकांनी वाळीत टाकल्यासारखे वागवले, त्याच वाटेवरच्या तिच्या पणतवाला लोकांनी डोक्यावर घेतले.

विसाव्या शतकाबरोबर जन्मलेल्या कमलाबाई ते शतक सरता सरता गेल्या. त्याआधी, त्यांच्या नव्वदीच्या सुमारास, रीना मोहन या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर एक माहितीपट केला. म्हणजे पहिल्या अभिनेत्रीची आठवण जपून ठेवण्याचे कामही एका स्त्रीनेच केले.

आता एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९१३ साली तारामती व्हायला बाई मिळाली नाही. १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. कथा तीच हरिश्चंद्राची, पण तारामती झाल्या दुर्गा खोटे, दोन मुलांची आई आणि प्रतिष्ठित घरची लेक. मध्ये गेली अवघी एकोणीस वर्षे. ती वर्षे आपोआप गेली नाहीत. कोणीतरी बोलणी खाल्ली, कोणीतरी उन्हात उभे राहिले, म्हणून पुढचीला सावली मिळाली.

भगिनींनो, गेल्या वर्षी आपल्या एका सुनेने ऐन तालमीत काम सोडले. तिने कारण सांगितले नाही, पण ते आपणां सर्वांना ठाऊक होते. देवगाव फाट्यावर येणारे-जाणारे पाहतील, चार माणसे बोलतील, अशी घरच्यांना भीती वाटली. त्यांच्यावर राग धरून काही साधणार नाही. तिच्या सासूबाईंना आपण यंदा तालमीलाच बोलवू, चहा देऊ, समोरच्या सतरंजीवर मानाने बसवू. राजाचा फेटा मात्र आम्ही त्या सुनेसाठी राखून ठेवला आहे. मिशा लावायला ती कधीच का-कू करीत नव्हती.