नामदार गोखल्यांची माफी



आज नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयी थोडं लिहिते. गांधीजी ज्यांना आपले राजकीय गुरू मानत, ते हे. आपल्या सुरतेशीही त्यांचा संबंध आला, ते पुढे येईलच.

जन्म 9 मे 1866, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. शाळेत गणितासाठी मास्तरांनी शाबासकी दिली तर हा मुलगा रडायलाच लागला, कारण ते गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पण खरी परीक्षा झाली ती एकतिसाव्या वर्षी.

1897 साली पुण्यात प्लेग होता. गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेले. घरं तपासणारे गोरे सोल्जर बायकांवर अत्याचार करतात, अशी पत्रं त्यांना पुण्याहून आली. माणसं विश्वासातली, म्हणून त्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला कळवलं. केवढा गहजब झाला! परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तर पत्रं लिहिणारे पुढे येईनात. त्यांचं तरी काय चुकलं? रँडवर नुकत्याच गोळ्या झाडलेल्या, धरपकड चालू, कोण बोलणार?

बोट दुसऱ्याकडे दाखवणं सोपं होतं. गोखल्यांनी एकही नाव सांगितलं नाही. आरोप सिद्ध करता येत नाही हे उघड कबूल करून त्यांनी सरकारची आणि सोल्जरांचीही जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भेकड म्हटलं. सोल्जर निर्दोष होते असं मला मुळीच वाटत नाही, त्यामुळे ती माफी वाचताना आजही मनाला टोचते. पण स्वतःची चूक उघडी केली, दुसऱ्याचं नाव मात्र झाकून ठेवलं, हे किती जणांना जमतं? पुढच्याच वर्षी हा माणूस पुण्यात प्लेगच्या सेवेला स्वयंसेवक म्हणून उभा राहिला.

डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेस आपल्या सुरतेत भरली. जहाल-मवाळ भांडण, मंडपात जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या. लोक टिळकांच्या अंगावर धावले तेव्हा त्यांचेच विरोधक गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभे राहिले.

19 फेब्रुवारी 1915 ला गोखले गेले, अवघ्या 48 व्या वर्षी. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले, स्मशानात आले आणि जन्मभर ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्याविषयी गौरवाने बोलले.