मेंदूचा मोजणीदार : कॉर्बिनियन ब्रोडमान

‘क्षेत्र ४’, ‘क्षेत्र १७’ असे आकडे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांना ते कोणी घातले असे विचारले, तर ब्रोडमान हे नाव येते. त्यापलीकडे काही येत नाही. शेताला सर्व्हे नंबर असावा तसे मेंदूच्या पृष्ठभागाला नंबर देणाऱ्या या गृहस्थांविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

दक्षिण जर्मनीतील लिगर्सडॉर्फ या खेड्यात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि लगेच घटसर्पाने आजारी पडले. हवापालटासाठी गेले तेथे त्यांना मेंदूतज्ज्ञ ऑस्कर फोग्ट भेटले, पुढे फ्रँकफुर्टला आल्झायमर. मग साधी डॉक्टरकी मागे पडली ती पडलीच.

१९०१ पासून १९१० पर्यंत ते बर्लिनला फोग्ट यांच्या प्रयोगशाळेत होते. मेंदूचे पातळ काप करायचे, पेशी रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्टेक्सचे, म्हणजे वरच्या करड्या आवरणाचे, थर पाहायचे. माणूस, माकड, लेमर, फलाहारी वटवाघूळ, ससा, हेजहॉग, कोणी सुटले नाही. त्या काळी कोणी पाच थर मोजी, कोणी नऊ. मग सशाची माणसाशी तुलना करायची कशी? ब्रोडमान यांनी सांगितले की, सस्तन प्राण्यांच्या बहुतेक कॉर्टेक्सचा मूळ आराखडा सहा थरांचा आहे. कोठे एखादा थर दुभंगतो, कोठे लोपतो. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या क्षेत्र ४ मध्ये प्रौढपणी चौथा थर जवळजवळ दिसत नाही. पण गर्भावस्थेत तो असतो, हे त्यांनी दाखविले. दृष्टीच्या क्षेत्र १७ मध्ये तोच थर वाढून विभागलेला असतो. त्यांच्या साऱ्या कामात मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. डॉल्फिनच्या कॉर्टेक्समध्ये चौथा थर बहुधा सापडत नाही असे नंतर आढळले, तरी आराखडा टिकला. १९०९ साली त्यांचा ग्रंथ निघाला.

आणि याच माणसाचा लेमरवर्गीय प्राण्यांच्या कॉर्टेक्सवरील प्रबंध बर्लिनच्या वैद्यक विद्याशाखेने नाकारला! त्यामुळे तेथे अध्यापनाचा अधिकार मिळाला नाही. ते ट्यूबिंगेनला गेले. महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, हाले येथे बऱ्यापैकी जागा मिळाली, १९१७ मध्ये लग्न झाले. १९१८ साली क्रेपेलिन यांनी म्युनिकच्या नव्या संशोधन संस्थेत बोलाविले. हवे ते काम अखेर हाती आले होते. २२ ऑगस्टला अल्पशा आजाराने ते वारले. वय ४९, मागे पत्नी व तान्ही मुलगी.

आज त्यांचे नंबर बोलण्याचे, पाहण्याचे, विचाराचे ठिकाण दाखविण्यासाठी वापरतात. त्यांनी ते घातले होते प्राण्याप्राण्यांतले नाते ओळखण्यासाठी. त्यांच्या १९०९ च्या मानवी नकाशात १३ ते १६ हे नंबर नाहीत. विद्यार्थ्यांना ती छपाईची चूक वाटते. ते नंबर इतर प्राण्यांच्या नकाशांत आहेत.