शंकर आबाजी भिसे : बुद्धीला आधाराचा हात



संशोधक म्हटले की आपल्या मुलांना एडिसन आठवतो. पण मुंबईत २९ एप्रिल १८६७ रोजी जन्मलेले शंकर आबाजी भिसे किती जणांना ठाऊक आहेत? त्यांना भारताचे एडिसन म्हणत. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात.

तरुणपणी त्यांनी ‘विविध कला प्रकाश’ हे विज्ञानाचे मराठी मासिक चालवले. पीठ, साखर असे जिन्नस आपोआप तोलून देणाऱ्या त्यांच्या यंत्राने लंडनमधली एक स्पर्धा जिंकली. मग ते लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांना पाठबळ दिले.

भिसे यांचा मोठा ध्यास छपाईच्या यंत्राचा. त्या काळी शिसे वितळवून अक्षरांचे खिळे ओतले जात. हे काम कितीतरी वेगाने करणारे ‘भिसोटाइप’ त्यांनी तयार केले. यंत्र बनले, पण भांडवल उभे राहिना. हिंडमन या इंग्रज पुढाऱ्याने कबूल केलेली रक्कम जमली नाही. भिसे निराश झाले, पण थांबले नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांची गाठ जमशेटजींचे पुत्र रतन टाटा यांच्याशी घालून दिली आणि टाटांच्या पैशावर काम पुन्हा सुरू झाले. पुढे तोही आधार सुटला. मग पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी खिळे ओतण्याचे यंत्र नव्याने घडवले, आयोडीनचे ‘अ‍ॅटोमिडाइन’ हे औषधही काढले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

भिसे यांची चिकाटी मोठीच. पण एकट्या चिकाटीने त्यांचे भागले नाही. दादाभाई आणि गोखले दोघेही राजकारणातले, तंत्रज्ञ नव्हेत. तरीही एका तरुणाच्या बुद्धीवर त्यांनी विश्वास टाकला. एकाने पदरचे पैसे घातले, दुसऱ्याने आपला शब्द खर्ची घातला.

आपल्या वाड्यावाड्यांत बंद पडलेला पंप किंवा होडीचे इंजिन खोलून बसणारा एखादा मुलगा असतोच. आपण त्याला रिकामे उद्योग म्हणून हिणवतो. त्याचे यंत्र कदाचित चालणार नाही. पण त्याला चार हत्यारे घेऊन देणे, एखाद्या जाणत्या मेस्त्रीकडे नेऊन बसवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. देवाने बुद्धी दिली, आधार आपण द्यायचा.