रमाबाईंचा धडा



नववीत पंडिता रमाबाईंची सनावळी मी पाठ केली, पेपरात लिहिली आणि विसरून गेले. दोन वर्षांपूर्वी हे गेले. राहते घर सोडून मुलीकडे यावे लागले. त्या दिवसांत रमाबाईंचे चरित्र पुन्हा हाती आले.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी गौरव केला. पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा होती.

लहानपणची श्रद्धा डळमळली होती. पण देवाचा शोध त्यांनी सोडला नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. आपली माणसे दुखावली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. तिथे धर्मांतराचा वाद पेटला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो अनाथ मुली आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. भुकेने आईवडील गमावलेल्या मुलीनेच हे केले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. वर्षभरात, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले.

माझा देव्हारा निराळा आहे. देव सांभाळतो म्हणजे गेलेले परत देतो, असे मी समजत होते. रमाबाईंना काहीच परत मिळाले नाही. तरी देवाने आपला हात सोडलेला नाही, या भरवशावर त्या दरवेळी दुसऱ्या कुणाचा तरी हात धरत गेल्या. माझा भरवसा अजून तेवढा पक्का नाही. रात्री झोप लागत नाही, तेव्हा तो शोधावा लागतो.

या मेळाव्याला एकटीने यायचे नाही, असे ठरवले होते. परवा तिकीट काढले. बाई, सनावळी तेव्हाच पाठ झाली होती; धडा आत्ता कळतो आहे.