नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधी आपल्याकडे पोळा असतो. पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांत बैलांची पूजा होते, पण नांगर घडवणाऱ्याची आठवण क्वचितच निघते. म्हणून यंदा लोखंडी नांगर मराठी शेतकऱ्याच्या हाती देणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी थोडेसे.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंग त्यांना ओळखू येत नाहीत असे लक्षात आले आणि चित्रकला सुटली. हात मात्र रेषेत पक्का होता. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात वडील बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचे दुकान चालवले आणि मग शेतीच्या अवजारांकडे वळले.

आधी त्यांनी कडब्याची कुट्टी करण्याचे यंत्र केले, नंतर लोखंडी नांगर. या दोन वस्तूंना लागणारा धातू एकसारखा नसतो. सगळा खेळ लोखंडातल्या कार्बनचा आहे. शंभर भागांत पाव भागाहून कमी कार्बन असलेले साधे पोलाद सहज वाकते, पण त्याला धार टिकत नाही. कुट्टीच्या पात्याला सुमारे पाऊण भाग कार्बनचे पोलाद लागते. ते लाल तापवून पाणी दिले की कडक होते. पण तसेच ठेवले तर काचेसारखे तुटते. म्हणून पुन्हा थोडे तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. ओतीव बिडात कार्बन दोन भागांहून जास्त असतो. ते मातीत चांगले टिकते, पण दगडावर जोरात आदळले तर फुटते. नांगर ओतणाऱ्याला हे सारे सांभाळावे लागते.

नांगर तयार झाला, पण घेणारे कुणी नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली. दुसरा कोणी खचला असता. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी तेथे काम दिले आणि वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे लोखंड थांबले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी वाडीतून 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले; ते आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी वाचले असेल. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज आपल्या कपाशीच्या शेतात ट्रॅक्टर फिरतो. त्यामागच्या कल्टिव्हेटरला जाड स्प्रिंगा असतात. फण दगडाला लागला की मागे सरतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर आणते. या स्प्रिंगच्या पोलादात अर्ध्या भागाहून थोडा जास्त कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज असते. ते वाकते, पण वाकलेले राहत नाही. गावचा लोहारही विळा किंवा कुऱ्हाड घडवायला ट्रकच्या कमानीचा जुना पाटा शोधतो, तो याच गुणासाठी.

रंग दिसेनात, बढती मिळेना, नांगर खपेना, जागा गेली. लक्ष्मणराव दर वेळी पुन्हा उभे राहिले. आपली मुले एखाद्या परीक्षेत मागे पडली तर त्यांना हा माणूस जरूर सांगावा.

गणपती बाप्पा मोरया!