काचेवरची पट्टी

पावसात मोटारीच्या समोरच्या काचेवर रबराची पट्टी सारखी फिरत असते. अशी पट्टी प्रथम योजणाऱ्यांत मेरी अँडरसन ह्या बाईंचे नाव अग्रभागी आहे.

मेरीबाईंचा जन्म १८६६ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. १९०२–०३ च्या हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या. एके दिवशी त्या ट्रॅममधून जात असता हिमवर्षाव चालू होता. काचेवर बर्फ साचून चालकाला पुढचे काही दिसेना. म्हणून बिचाऱ्याने काच उघडीच ठेवली होती. बोचरा वारा आणि हिमकण त्याच्या तोंडावर सपासप आदळत होते. उतारूही कुडकुडत होते. इतरांना हे नित्याचेच वाटले. मेरीबाईंना मात्र ते पाहवेना.

घरी परतल्यावर त्यांनी एक साधन योजले. काचेबाहेर रबर लावलेला दांडा आणि आत चालकाच्या हाताशी मूठ. मूठ फिरविली की दांडा काचेवरून फिरे व पाणी, बर्फ निपटून काढी. हवा निवळली की तो काढूनही ठेवता येई! १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना ह्या शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले.

पण ते विकत घेणार कोण? मोटारी तेव्हा मोजक्याच होत्या. हलत्या दांड्याने चालकाचे लक्ष विचलित होईल, अशी शंकाही लोक काढीत. १९०५ साली कॅनडातील एका पेढीने, ह्यात व्यापारी लाभ नाही, असे कळवून नकार दिला. १९२० साली एकस्वाची मुदत संपली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशा पट्ट्या मोटारींवर सर्रास दिसू लागल्या. मेरीबाईंच्या हाती त्यातले काहीच आले नाही. १९५३ साली त्यांचे निधन झाले. अमेरिकेने श्रेष्ठ संशोधकांच्या राष्ट्रीय नामावलीत त्यांचे नाव घातले, ते २०११ साली.